स्वहस्ते रंगकाम : प्रस्तावना

घराच्या भिंती, दारे आणि खिडक्यांचे गज स्वतःच्या हाताने रंगवू इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी लिहिलेल्या पुस्तकात रंगछटांचा एकही तक्ता नसावा, ही गोष्ट वाचकाला प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. तेव्हा तिची कैफियत प्रस्तावनेतच सादर करणे इष्ट. रंगाच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या गिऱ्हाइकापुढे पहिल्याने येते ती छटांची पुस्तिका. तिच्यावरून घरात चार दिवस वाद चालतो तो मोतिया बरा की बदामी याचा. आणि डब्यातला पदार्थ पाण्याने पातळ होतो की टर्पेंटाइनने, तो हवा शोषून वाळतो की त्यातले पाणी नुसते उडून जाते, आणि ज्या गिलाव्यावर, लाकडावर किंवा लोखंडावर तो बसायचा त्याच्याशी त्याचे कायमचे जमणार की पहिल्या पावसाळ्यातच फारकत होणार, हे प्रश्न त्या वादात कोणाच्या तोंडी येत नाहीत. छटा मनाजोगी उतरली नाही तर पुढच्या दिवाळीपूर्वी तीवर दुसरी चढवता येते. पदार्थच चुकीचा निवडला गेला, तर मात्र तो खरवडून काढण्याला मूळ कामाहून कितीतरी अधिक श्रम पडतात, आणि कधी कधी तो धड निघतही नाही.

रंग म्हणून आपण जे विकत आणतो त्यात मुख्यतः तीन घटक असतात. पृष्ठभाग झाकण्याचे व छटा देण्याचे काम करणारी रंगद्रव्याची भुकटी हा पहिला. त्या भुकटीला एकत्र धरून पृष्ठभागाशी चिकटवणारा बंधक हा दुसरा. आणि लावण्यापुरता पातळपणा आणून मग उडून जाणारा द्रव हा तिसरा. यांपैकी रंगद्रव्याची महती डोळ्यांना दिसते म्हणून लोक तिच्याविषयी बोलतात. पूर्वी शुभ्रतेसाठी शिशाचा सफेदा वापरीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नॉर्वेत व अमेरिकेत टिटॅनियम डायऑक्साइडचे उत्पादन व्यापारी प्रमाणावर सुरू झाले, आणि आज भिंतींवरील जवळजवळ प्रत्येक फिक्या छटेच्या मुळाशी तेच द्रव्य आहे. केरळच्या आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या रेतीत आढळणारे इल्मेनाइट हे त्याचेच खनिज, ही गोष्ट त्या रेतीवरून अनवाणी हिंडणाऱ्यांच्या सहसा ध्यानी नसते. परंतु रंग टिकणार किती, धुतला जाणार की नाही, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देणार की कोंडून ठेवणार, या सर्व बाबींचा निकाल बंधकाकडे असतो. आणि या पुस्तकाची बहुतेक प्रकरणे, नावे काहीही असोत, बंधकांविषयीचीच आहेत.

चुन्याची हकीकत या दृष्टीने मननीय आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जाऊन कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळल्यासारखा फसफसून विरतो. आणि ते विरवलेले दूध फडक्यातून गाळून, भिंत आधी पाण्याने भिजवून, तीवर पातळ फासले, की हवेतला कर्बवायू पुन्हा शोषून घेत ते हळूहळू चुनखडीच्याच रूपाला परत येते. म्हणजे येथे रंगद्रव्यही तेच आणि बंधकही तोच. भिंतीवर परकी कातडी न चढता दगडाचाच एक विरळ थर तिच्या अंगी लागतो. कोकणात व गोव्यात हाच चुना शिंपले भाजून करण्याची रीत होती. चुना फासताना नवशिक्याची जी फसगत होते तिचे कारण असे की, ओला असेतोपर्यंत त्याचा हात जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावरच तो पांढरा फटफटीत होतो; तेवढा धीर नसलेला माणूस दाट दूध कालवून एकाच हातात भिंत पांढरी करू पाहतो, आणि तो जाड थर वाळून पोपड्यांनी सुटतो. पातळ तीन हात, दोहोंच्या मध्ये एक दिवस, हा जुना दस्तूर आहे आणि तो बदलण्याचे कारण अद्याप उत्पन्न झालेले नाही. अंगाला टेकताच कपडे पांढरे होतात, हा चुन्याचा दोष खरा. तो कमी करण्यासाठी त्यात सरस किंवा डिंक घालतात, क्वचित गूळही, आणि पिवळट झाक मारण्यासाठी चिमूटभर नीळ. रंगीत चुना हवा असेल तर गेरू, हिरमंजी, पिवडी व काजळी ही मंडळी त्याच्या तीव्र अल्कधर्मात सुखाने नांदतात. प्रशियन निळा मात्र त्यात तग धरत नाही. विरवलेल्या चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते, याची ताकीद येथेच देऊन ठेवतो, कारण छताला चुना मारताना तोंड वर असते.

१८९६ साली मुंबईत आणि त्यानंतर लवकरच पुण्यात प्लेगचा अंमल सुरू झाला, तेव्हा सरकारी पथकांनी घरोघरीच्या भिंतींना चुना फासवला. प्लेगचा प्रसार उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो हे तेव्हा उमगलेले नव्हते, आणि त्या चुन्याने प्लेग हटला असे म्हणता येणार नाही. तथापि त्याच्या अल्कधर्मामुळे भिंतीवर बुरशी सहसा धरत नाही हे मात्र खरे, आणि अंधाऱ्या माजघराला, न्हाणीघराबाहेरच्या बोळाला किंवा गोठ्याला आजही चुन्याइतके किफायतशीर आवरण नाही. सध्याच्या सुशिक्षित घरांत चुना म्हणजे दारिद्र्याचे लक्षण मानले जाते. हे मत मला उथळ वाटते.

चुन्याची याहून मोठी मातब्बरी ही की, त्याच्या थरातून ओलीची वाफ मोकळेपणाने बाहेर जाते. पुण्याच्या पेठांतील जुने वाडे, देशावरील पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरे, कोकणातील जांभ्याच्या चिऱ्यांची घरे, यांच्या जोत्यात ओलीला अटकाव करणारा थर सहसा नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि भिंतीच्याच पृष्ठभागावरून उडून जाते, अशी तिची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिक रंगाची अखंड त्वचा चढवली, की ती वहिवाट बंद पडते. ओल आणखी उंच चढते किंवा त्वचेच्या पाठीमागे साठते, तिच्याबरोबर आलेले क्षार तेथेच स्फटिकरूप होतात, आणि त्या स्फटिकांच्या वाढीने गिलावा फुटून भिंतीला लोणा लागतो. घरधनी रंगाच्या नावाने बोटे मोडतो आणि पुढल्या वर्षी अधिक महाग व अधिक जलरोधक असा रंग आणून ती कोंडी पक्की करतो. जेथे छतातून किंवा फुटक्या नळातून पाणी झिरपते आहे तेथे तर कोणताही रंग हा उपाय नव्हे; आधी पाण्याचा उगम शोधून बंद करावा, भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी, आणि तोवर पाहुण्यांना ते डाग दिसले तर दिसू द्यावेत.

चांगल्या हेतूने लावलेले आवरण पुढे किती जड जाते, याचे आपल्या प्रदेशातले ठळक उदाहरण अजिंठ्याचे आहे. तेथील चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, आणि मग चिकट बंधकात कालवलेली गेरू, पिवडी, काजळी आदी रंगद्रव्ये, अशी त्यांची घडण आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून या चित्रांच्या नकला उतरवीत होते, त्या काळात चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर रोगण लावले गेले. आणि पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी व ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना मरामतीसाठी पाचारण केले, तेव्हा त्यांनीही लाखेचे रोगण वापरले. सुटू लागलेले पोपडे त्यांनी पुन्हा भिंतीला बसवले, याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. परंतु ती लाख कालांतराने पिवळी व तपकिरी पडली, तिच्याखाली मूळचे निळे आणि पांढरे हरवले, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना हे थर हलक्या हाताने उतरवण्याच्या कामी पुढची कित्येक दशके घालवावी लागली. आपल्या बैठकीची भिंत अजिंठ्याच्या योग्यतेची नाही हे मान्य; पण सच्छिद्र पृष्ठभागात मुरलेले आवरण परत मागता येत नाही, हा नियम दोन्हीकडे एकच लागू आहे.

यातूनच या पुस्तकाचा निकष ठरला आहे. स्वहस्ते काम करणाऱ्याने कोणत्याही रंगाविषयी वा रोगणाविषयी पहिला प्रश्न असा करावा की, हे काही वर्षांनी एका ठिकाणी बिघडले तर तेवढेच ठिकाण मला घरच्या साधनांनी दुरुस्त करता येईल काय. मक्तेदाराला या प्रश्नाचे अगत्य नसते, कारण त्याच्याजवळ घासण्याची यंत्रे व फवारे असतात, आणि बिघाड झालाच तर तो त्याच्या दृष्टीने नवा मक्ता असतो. आपल्याजवळ काचकागद, पत्री आणि रविवार. म्हणून जाहिरातीत ज्याची मुदत सर्वांत लांब ते आवरण आपल्याला सर्वांत सोयीचे असेलच असे नाही. थोडे कमी टिकणारे, परंतु ठिगळ घेणारे आवरण पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते.

जी लाख अजिंठ्याच्या भिंतीवर अपकारक झाली तीच घरातल्या लाकडावर या कसोटीला पुरेपूर उतरते. पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवर जगणाऱ्या एका किड्याचा हा स्राव. झारखंड हे त्याचे आगर, आणि रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून त्याच्या संशोधनाची संस्थाच आहे. आपल्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची चकाकीही, त्यांच्या जुन्या पद्धतीत, चरकावर फिरत्या लाकडाला घासलेल्या लाखेचीच. सुताराचे पॉलिश म्हणजे हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने घोटून चढवलेली. आणि तिचा मोठा गुण हा की नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवून त्याच्यात एकजीव होतो, त्यामुळे ओरखडा पडलेल्या एका फळीवर बोळा फिरवला तर जोड शोधावा लागतो. दोष दोन आहेत. गरम चहाचा पेला तिच्यावर पांढरे वर्तुळ उठवतो, आणि आषाढातल्या दमट हवेत घोटाई केली तर सगळी फळी दुधाळ होते. तेव्हा जेवणाच्या मेजाला ती लावू नये आणि पावसाळ्यात ती लावूच नये. याच्या उलट दोन डब्यांतून मिसळायचे पॉलियुरेथेन. ते पाण्याला, उष्णतेला व स्पिरिटला दाद देत नाही, आणि म्हणूनच एकदा खरचटले की तेवढेच ठीक करणे जवळजवळ अशक्य. अख्खी फळी घासून नव्याने आरंभ करावा लागतो. शिवाय त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो. बंद खोलीत, मुलाबाळांच्या सान्निध्यात, नाकाला रुमाल बांधून हे काम करणारे गृहस्थ आहेत. रुमालाने वायू अडत नाही, एवढेच त्यांना सांगणे आहे.

उन्हातान्हात उभ्या असलेल्या दाराची गोष्ट वेगळी. सूर्यकिरण पारदर्शक रोगणातून आरपार जाऊन लाकडाचा पृष्ठभागच कुजवतात, मग रोगणाला धरायला खाली काही उरत नाही आणि ते कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटते. सागवानाची शीर दिसावी हा मोह बाहेरच्या दारापुरता सोडून त्याला तैलरंगच द्यावा, कारण रंगद्रव्य हीच तेथे लाकडाची सावली. दाराची खालची कड मात्र रंगवायची राहूनच जाते, दार बिजागऱ्यांवरून उतरवल्याशिवाय ती हाताशी येत नाही म्हणून. आणि पावसाचे पाणी नेमके तेथूनच फळीत शिरते.

तैलरंगाचा मूळचा बंधक म्हणजे जवसाचे तेल, कढवलेले असले तर रंगाऱ्यांच्या भाषेत बेलतेल. हे तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणूनच तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. याच तेलाचा दुसरा स्वभाव असा की अल्काशी गाठ पडली की त्याचा साबण होतो. ताज्या सिमेंटचा वा चुन्याचा गिलावा तीव्र अल्कधर्मी व ओला असतो, आणि अशा भिंतीवर घाईने चढवलेला तैलरंग चिकट होऊन डागाडागांनी उतरतो. नव्या गिलाव्याला पाणी मारण्याची मुदत संपल्यावरही तो खडखडीत वाळेपर्यंत थांबणे, आणि मग अल्करोधक अस्तर देणे, याला पर्याय नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर साधा तैलरंग काही वर्षांत सालपटासारखा निघतो त्याचेही कारण जवळपास हेच आहे. तेथे त्या पत्र्यासाठीच तयार केलेले अस्तर मागून घ्यावे. साध्या लोखंडाविषयी फार सांगण्यासारखे नाही: गंज तारेच्या ब्रशाने निघेल तेवढा काढावा, त्याच दिवशी अस्तराचा हात मारावा, आणि समुद्रकाठी राहणाऱ्यांनी त्याआधी गज गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण मिठावर बसलेला कोणताही रंग टिकत नाही.

चकाकी किती असावी, हा प्रश्न रुचीचा म्हणून समजला जातो. वस्तुतः तो बंधकाच्या प्रमाणाचा आहे. बंधक भरपूर आणि भुकटी कमी, तर थराचा पृष्ठभाग काचेसारखा सपाट होऊन चमकतो व डाग पुसता येतात. भुकटी वाढवली की तिचे कण वर डोकावतात, प्रकाश विखुरतो आणि भिंत निस्तेज दिसते. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला चकाकी उपयोगाची, आणि बैठकीत ती उपद्रवाची. खिडकीतून तिरपा येणारा उजेड चकचकीत भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा आणि लांबी (म्हणजे खळगे बुजवण्याचा लेप) भरलेली प्रत्येक जागा उघडी पाडतो, आणि नवशिक्या हाताने भरलेली लांबी कधीच सपाट नसते. निस्तेज रंग तिच्यावर पांघरूण घालतो. ज्यांना भिंत सपाट करण्याची हौस आहे त्यांनी रात्री दिवा भिंतीलगत धरून पाहावे. पण प्रत्येक खाचखळग्याचा असा पंचनामा करत बसले तर काम कधीच पुरे होत नाही.

आता शिशाविषयी. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने शिशाच्या सफेद्याविषयी करार संमत केला. आपल्याकडे घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि त्यांचा अंमल १ नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाला. याचा अर्थ असा की, आपण आज आणलेला डबा निर्दोष असला तरी जुन्या घराच्या दारावरील तळच्या थरांत शिसे असण्याचा संभव दाट आहे. असे थर कोरडे घासू नयेत. पाणी शिंपडून ओल्या काचकागदाने घासावेत, खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरून भुसा गोळा करावा, आणि लहान मुलांना व गरोदर बायकांना त्या दिवशी घरात ठेवू नये. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. शिशाचा धूर नाकातोंडात जातो, त्यामुळे तिची मी कोठेही शिफारस केलेली नाही.

आपल्याकडे रंगकाम हा रंगाऱ्याचा व्यवसाय आहे आणि मध्यमवर्गीय घरात कुंचला हाती धरणे अलीकडेपर्यंत अप्रतिष्ठेचे समजत, हे खरे. पण त्याला एक मोठा अपवाद मुंबईच्या चाळींनी घालून दिला. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, मालकांचे मरामतीकडे लक्ष उडाले, आणि खोलीची आतली रंगसफेदी ही भाडेकरूच्या गळ्यात पडली. डिस्टेंपरची पुडी, बादली आणि शेजाऱ्याची शिडी एवढ्या भांडवलावर तेथे गणपतीपूर्वी खोल्या उजळत. प्रस्तुत पुस्तक रंगाऱ्याच्या पोटावर पाय देण्यासाठी लिहिलेले नाही. उलट अस्तर, हात, लांबी, पोपडा, लोणा ही सारी परिभाषा मी त्याच्याकडूनच घेतली आहे, आणि नुसता तळवा फिरवून भिंत ओली की कोरडी हे सांगण्याचे त्याचे कसब पुस्तकातून देता येत नाही, याची मला जाणीव आहे. मात्र एका बाबतीत हौशी माणसाची बाजू त्याच्याहून वरचढ आहे: त्याच्यामागे मुदत नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एक भिंत धरावी, अस्तर देऊन ती पुरती वाळू द्यावी, जमल्यास आठवडाभर तशीच राहू द्यावी, आणि मग पुढचा हात. घाईने मारलेल्या दोन हातांमध्ये अडकलेला ओलावा जे नुकसान करतो ते कोणत्याही महाग डब्याने भरून येत नाही.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिली प्रकरणे खरवडणे, धुणे, घासणे व लांबी भरणे यांना दिली असून डबा उघडण्याचा प्रसंग बराच उशिरा येतो, याबद्दल उतावळ्या वाचकांनी क्षमा करावी. प्रमाणांचे कोष्टक शेवटी आहे. सपाट व अस्तर दिलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला सुमारे १२० ते १५० चौरस फूट पुरते, या अंदाजावर ते बेतले आहे, आणि खरबरीत भिंतीला त्याहून अधिक लागेल. बहुमजली इमारतींच्या बाहेरील भिंती मी हेतुतः वगळल्या आहेत; त्या परांचीवरच्या सराईत माणसांकडेच सोपवाव्यात, आणि त्यांना काम देताना कमरेला पट्टा व दोर आहे की नाही याची खातरजमा घरमालकाने स्वतः करून घ्यावी.